दोन घोड्यांची मोटर आणि खिळा

दत्तजयंतीच्या यात्रेत सारंगखेड्याला लाखालाखांचे घोडे येतात. माझे दोन घोडे मात्र बारा महिने तिथेच असतात, तापीच्या बॅरेजच्या फुगवट्यात, एका चौदा फुटी होडीच्या मागे क्लॅम्पने आवळलेले. दोन हॉर्सपॉवरची जुनी जपानी टू-स्ट्रोक मोटर आहे. रिव्हर्स गिअर नाही. मागे जायचं तर अख्खी मोटरच दांड्याला धरून गरकन फिरवायची. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, दोरी ओढायची. ज्यानं लुना चालवली आहे त्याला हे शिकवावं लागत नाही.

माझा धंदा पंपांचा. शहादा रोडला मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, पपई आणि केळीवाले माझे गिऱ्हाईक. होडीचं वेड अलंगमुळे लागलं. भावनगरजवळ अलंगला जहाजं तोडतात आणि त्यातलं सामान विकणाऱ्या दुकानांची रस्त्याच्या कडेला रांगच आहे. मित्राला सोफा घ्यायचा होता म्हणून मी सोबत गेलो. त्याला सोफा पसंत पडला नाही आणि मी मात्र ही मोटर डिकीत घालून आलो. बायकोनं विचारलं, "विहिरीत टाकायची का ही?"

मोटरला पंखा होता तो प्लास्टिकचा. प्रोपेलर म्हणा हवं तर, पण घाटावर सगळे पंखाच म्हणतात. तीन पाती, पांढरट राखाडी, एका पात्याचं टोक उडालेलं. पहिल्याच दिवशी घाटावरच्या एका भोई नानांनी तो बोटानं वाजवून पाहिला आणि निकाल दिला, "पिलास्टिक ते पिलास्टिकच शे, भाऊ. धातूना बसाड."

मला ते पटलंही. खरं तर पटायला नको होतं. बोअरच्या सबमर्सिबल पंपात पूर्वी गनमेटल धातूचे इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पंखे, यायचे, मग नोरिल प्लास्टिकचे आले, तेव्हा गिऱ्हाइकांना "अहो, घाबरू नका" म्हणून समजावणारा मीच होतो. पण स्वतःच्या होडीची गोष्ट आली की माणूस गिऱ्हाईक होतो.

मग धातूचा पंखा ओतून घ्यायचं ठरलं. एका भट्टीवाल्याकडे तुटका पंखा मेणानं भरून नेला. त्यानं तोच वाळूच्या साच्यात दाबला आणि भंगारातले पिस्टन वितळवून ओतला. इथे पहिली चूक झाली. ॲल्युमिनियम गार होताना आकसतं, शंभर मिलीमीटरला सव्वा-दीड मिलीमीटर. नमुना मूळ पंख्याचाच घेतला, तर निघणारा पंखा लहानच निघणार. पॅटर्न बनवणारे लोक म्हणूनच आकसण्याइतकी मोठी आखलेली स्केल वापरतात, हे मला नंतर कळलं. पुढचे तीन रविवार कानस घेऊन बसलो. दोन हॅकसॉ ब्लेड समांतर उभी लावून त्यावर सळईत ओवलेला पंखा ठेवायचा. जड पातं आपोआप खाली येतं, मग ते घासायचं, परत ठेवायचं. पंखा कुठेही थांबायला लागला की बॅलन्स झाला. एका पात्याला सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसत होती. ओतताना अडकलेला वायू. तिकडे काणाडोळा केला.

आता वेगाचं. पंख्यावर व्यास आणि पिच असे दोन आकडे असतात, बहुधा इंचात. पिच म्हणजे लाकडात स्क्रू जसा एका फेऱ्यात ठरावीक आत जातो तसं अंतर. पिच पाच इंच आणि पंख्याचे फेरे मिनिटाला २००० धरले, तर मिनिटाला १०,००० इंच, म्हणजे ताशी १५ किलोमीटर. प्रत्यक्षात होडी आठ-नऊच्या वर जात नाही. पाणी म्हणजे लाकूड नव्हे, पंखा त्यात घसरतो. शिवाय चौदा फुटी होडी नऊच्या आसपास पोहोचली की स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते, मग कितीही पिळा. प्लास्टिकचं पातं मजबुतीसाठी जाड ठेवावं लागतं आणि जोर आला की थोडं मुरडतं, त्यात पिच कमी होतो. पंचवीस-तीस हॉर्सच्या मोटरीला हा फरक चांगलाच जाणवेल. माझ्या दोन घोड्यांना घाटापासून पुलाच्या खांबापर्यंत चार-पाच सेकंदांचा फरक पडला. तीन रविवारांची कमाई चार-पाच सेकंद.

पण दिसायला झकास! कानस मारून चकाकलेला तो पंखा बघायला लोक यायचे.

पुतण्यानं होडी मागितली, मी दिली. इथे पिनची गोष्ट सांगायला हवी. या छोट्या मोटरींत पंखा शाफ्टवर थेट घट्ट नसतो, दोघांच्या आरपार एक मऊ धातूची पिन असते. पंखा दगडावर आपटला की पिन तुटते, पंखा सुटा फिरतो, आतले गिअर वाचतात. फ्यूजच म्हणा. ब्रिटिश सीगल नावाच्या जुन्या इंग्रजी मोटरीत तर पिनच्या जागी स्प्रिंग असते, धक्का तीच खाते. मला ती कल्पना फार आवडते. असो. पुतण्याची पिन दोनदा गाळात नि जाळ्यात तुटली, तेव्हा त्यानं काय केलं ते त्याच्याच शब्दांत: "पिन घडीघडी तुटस, म्हनीसन खिया ठोकी दिना, काका."

फ्यूजच्या जागी जाड तार घालणारे शेतकरी मी रोज बघतो. घरातच एक निघेल असं वाटलं नव्हतं.

बॅरेजचं पाणी त्या आठवड्यात उतरलेलं होतं. बुडालेल्या जुन्या विहिरीचं बांधकाम हातभर पाण्याखाली आलेलं. पंखा त्यावर आपटला. ॲल्युमिनियमचं एक पातं कानासारखं दुमडलं, पण तुटलं नाही. खिळाही तुटला नाही. मग तुटायचं कोणी? मी खालचं हाऊसिंग उघडलं तेव्हा नव्वद नंबरच्या गिअर ऑइलमधून पिनिअनचे, म्हणजे छोट्या गिअरचे, तीन दात निघाले. ते ऑइलही चहासारखं दुधाळ झालेलं. पंख्यामागे शाफ्टला जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळला होता, त्यानं सील कापलं होतं, म्हणजे पाणी आधीपासून आत जातच होतं. तो गुन्हा मात्र पुतण्याचा नाही, माझा. दर चार-सहा खेपांनी पंखा काढून शाफ्ट बघायला हवा होता.

पंखा मिळतो, पिन तर मी पितळी सळईतून दोन मिनिटांत कापतो. अशा जुन्या मोटरीचं पिनिअन कुठून आणणार? आठ महिने मोटर दुकानात आडवी पडून होती. शेवटी त्याच मॉडेलची मेलेली मोटर अलंगलाच मिळाली, तिच्या पोटातले गिअर काढून घातले.

त्यानंतर मी प्लास्टिकवर परत आलो. बुडालेली बाभळीची खोडं, दगड, पायऱ्या असलेल्या या पाण्यात मला आधी पंखाच तुटायला हवा आहे. एकदा खोडाला लागून अर्धं पातं उडालं. मोटर तापट म्हशीसारखी अंग हलवत होती, पण हळूहळू घाटाला लागलो. ॲल्युमिनियमचं दुमडलेलं पातं लाकडी हातोडीनं सरळ करता येतं, चिरलेलं आर्गन वेल्डिंगनं भरता येतं, हे खरंच. तुटलेल्या प्लास्टिकला मी फक्त कडा कानसून गुळगुळीत करू शकतो. समुद्रावर मोटर असलेल्यांचं गणित वेगळं आहे. तिथे खाऱ्या पाण्यात स्टीलच्या शाफ्टला टेकलेलं ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं. तापीत तो त्रास फारसा नाही. इथे पुराचा गाळ दोन्ही पंख्यांच्या कडा सारख्याच घासतो.

प्लास्टिकचा खरा वैरी ऊन. आपल्याकडे हे कोणाला सांगायला नको. जळगावच्या ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात? काजळीमुळे ऊन सोसतात म्हणून. माझा पंखा पांढरट आहे, मे महिन्यात नुसता उघड्यावर राहिला तर नखानं पावडर निघते. म्हणून मोटर काढली की त्यावर ओलं गोणपाट.

अलंगच्या त्या मेलेल्या मोटरीसोबत एक जास्तीचा पंखाही आला, काळ्या प्लास्टिकचा. त्यावर पिचचा आकडा अर्धा इंच कमी आहे. म्हणजे ओढायला जोर जास्त, वेग कमी. माणसं जास्त असली की हाच बरा असावा. रविवारी चार जण बसवून बघतो. पुतण्याही येणार आहे. त्याचे खिसे मी तपासणार आहे.