सहज आले होते

दुपारचे एक चाळीस. सहाच्या सहा जण झोपलेत. वाचायला ही गोष्ट जितकी सोपी वाटते तितकी ती नाही. एकाला पाठीवर थोपटावं लागतं, तेही ठरलेल्या ठेक्यात. ठेका चुकला की डोळे टक्क उघडे. एकीला पांघरुणाचा कोपरा नाकाशी लागतो, आणि तोही शिवण उसवलेलाच. एक जण माझ्या कानाची पाळी धरून झोपतो. म्हणजे त्याला झोप लागेपर्यंत मी मान वाकडी करून त्याच्या शेजारी आडवी. मग त्याची बोटं एकेक करून सोडवायची, सगळ्यांच्या पायांमधून रांगत वाट काढायची, पाठ सरळ करायची, आणि...

बेल.

दारात एक आई. गळ्यात ऑफिसचं आयकार्ड, चेहऱ्यावर अपराधी हसू. "काकू, सहज आले होते. इकडेच काम निघालं. एकच मिनिट बघते."

ती बघते. दुसऱ्या मिनिटाला सहापैकी चार जण तिला बघत असतात.

बारा वर्षं घरात पाळणाघर चालवतेय. एवढ्या काळात मी रडण्याला घाबरले नाही, उलट्यांना घाबरले नाही, पण 'सहज' या शब्दाचा मात्र मी धसका घेतलाय. सहज येणाऱ्यांचे प्रकार तरी किती! स्वेटर द्यायला येणारे. औषधाची वेळ आठवून द्यायला येणारे, जी मी कपाटाच्या दारावर लिहून चिकटवलेली असते. एक बाबा तर बेलच वाजवायचे नाहीत. खिडकीच्या पडद्याला जिथे फट राहते, तिथे बाहेरून एक डोळा लावून उभे. त्यांना वाटायचं, आपण दिसत नाही. पण त्यांची सव्वा वर्षाची लेक दारापाशी पालथी पडून खालच्या फटीतून बाहेर बघत असायची. बाबा नाही, तरी बाबाचे बूट तिला दिसायचे. मग पुढचा पाऊण तास ती बुटांशी बोलायची, बूट उत्तर देत नाहीत म्हणून रडायची, आणि बूट कधीच ऑफिसला पोचलेले असायचे.

त्यात हे माझं घरही आहे, हा एक वेगळाच घोळ. शाळेला फाटक असतं, इथे फक्त पायपुसणं. मुलाला बघायला आलेली आई बोलता बोलता स्वयंपाकघरात येते, पातेल्यावरचं झाकण उचलते, "आज काय केलंय?" म्हणते. तिच्या बाळाच्या पोटात जाणार म्हणून विचारतेय, हे मला कळतं. पण झाकण माझं असतं. एकदा एक आजोबा बाथरूम शोधता शोधता आमच्या बेडरूममध्ये गेले आणि तिथे दुपारची झोप काढणाऱ्या आमच्या यजमानांना "तुमचं कुठलं मूल?" असं विचारून आले.

शेवटी ठरवलं, नियम लिहून काढायचे. पहिला मसुदा यजमानांनी केला. 'पालकांनी पूर्वपरवानगीशिवाय आवारात प्रवेश करू नये.' म्हटलं, आवार कुठलं आणलंत? आणि हे वाचून उद्या मीच दारात विचारपूस करून आत येईन. दुसरा मसुदा मी केला. तो इतका गोड झाला की वाचणाऱ्याला वाटावं, दुपारी यायचं निमंत्रणच आहे. 'शक्यतो', 'जमल्यास', 'गैरसमज नसावा'. आपल्याला नाही म्हणायचं असतं तेव्हा आपण किती शब्द वापरतो!

कागद तसाच पडून राहिला, कारण नेमकं काय नको आहे तेच मला ठरवता येत नव्हतं. भेटायलाच येऊ नका म्हणणं सोपं होतं. त्याला कारणही तयार होतं: आई दिसली की मूल रडतं, दिसली नाही की छान खेळतं. पण हे वाक्य मी आधी कुठेतरी ऐकलं होतं. बालशिक्षणाचा कोर्स करताना वाचलेलं आठवलं. 1950 च्या सुमारास इंग्लंडमध्ये दवाखान्यात दाखल झालेल्या लहान मुलांना आईवडिलांनी फार भेटू नये, अशीच रीत होती. तिथल्या परिचारिकाही हेच सांगायच्या: आई येऊन गेली की मूल रडतं, एरवी शहाण्यासारखं राहतं. जेम्स रॉबर्टसन नावाच्या माणसाने 1952 च्या सुमारास कॅमेरा घेऊन दवाखान्यातल्या एका दोन वर्षांच्या मुलीचं चित्रण केलं. शहाण्यासारखं राहणं म्हणजे रुळणं नव्हे, मुलाने मनातून हात टेकलेले असू शकतात, हे त्यातून लोकांना दिसलं. पुढे 1959 मध्ये तिथल्या सरकारी समितीने शिफारस केली, की आईवडिलांना केव्हाही भेटू द्यावं.

म्हणजे मी लिहायला बसले होते तो नियम जगाने केव्हाच मोडीत काढलेला. शिवाय, जिथे न सांगता जाता येत नाही अशा पाळणाघरात मी तरी माझं मूल ठेवलं असतं का? माझा मुलगा दहा महिन्यांचा असताना मी दुसऱ्या एका पाळणाघराच्या जिन्यात उभी राहायचे. वरून रडणं ऐकू यायचं. ते आपलं की दुसऱ्याचं, हे ओळखायचा प्रयत्न करायचे, आणि प्रत्येक रडणं मला आपलंच वाटायचं. वर जायची मात्र हिंमत नव्हती, कारण तिथल्या बाईंना आवडायचं नाही. 'सहज' या शब्दाचा मूळ अर्थ सोबत जन्मलेलं. बाळाच्या सोबत आईत जे जन्मतं ते हेच असणार, उगीच एकदा बघून यावंसं वाटणं. त्यावर मी कसली परवानगी लावणार?

मग नकोय ते काय? बराच विचार केल्यावर उत्तर सापडलं ते बुटांत. येणं नको नव्हतंच मला. नको होतं ते डोकावून जाणं. मुलाच्या हिशेबात सकाळी एक निरोप झालेला असतो, तो त्याने कसाबसा गिळलेला असतो. दुपारी एक मिनिट तोंड दाखवून गेलं की दुसरा निरोप, आणि हा विनाकारण. साधारण आठव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत तर आई दिसेनाशी होण्याची भीती अगदी ऐन भरात असते. 'ती आहे, फक्त इथे नाही' हे त्या डोक्यात नुकतं कुठे शिरायला लागलेलं. तेवढ्यात आपण येतो, दिसतो आणि नाहीसे होतो.

आता दारावर एवढंच आहे: 'केव्हाही या, न सांगता या. आलात की एक तर मुलाला घरी न्या, नाहीतर किमान अर्धा तास आत बसा. दारातून बघून जायचं नाही. एक ते तीन बेल वाजवू नका, फोन करा. जाताना सांगून जा.'

शेवटचं वाक्य पाळायला लोकांना सगळ्यात जड जातं. मूल खेळात रमलं की आया चोरपावलांनी निघतात आणि मला डोळ्यांनी खुणा करतात. मी चक्क हाक मारते, "अगं, आई निघालीय बघ." त्या रागावतात, चिमुरडी भोकाड पसरते, पण दुसऱ्या दिवशी खेळताना सारखी दाराकडे बघत बसत नाही. सांगून जाण्यात आणखी एक गंमत आहे. आपल्यात निघणारं माणूस 'जाते' म्हणत नाही, 'येते हं' म्हणतं. दीड वर्षाच्या जिवाने यातून काय समजायचं? आई 'येते' म्हणते आणि पाठ फिरवते! आमच्या एका छोटीने यावर तिच्यापुरता तोडगा काढलाय. आई 'येते' म्हणाली की ती दार धरून म्हणते, "नको येऊ."

अर्धा तास बसायच्या अटीने 'सहज' बरंच कमी झालं, हे खरं. अर्धा तास म्हटल्यावर पुष्कळांचं इकडचं काम निघेनासं झालं. जे येतात त्यांना मात्र एक नवीनच धक्का बसतो: आपलं मूल आपल्याकडे ढुंकूनही बघत नाही आणि बाकीची पाच अंगावर चढतात. निघताना रडतं किती, यापेक्षा परत आल्यावर मूल आपल्याशी कसं वागतं ते बघा, असं मी त्यांना सांगत असते. ते मान डोलावतात आणि घड्याळ बघतात.

ते बुटांचे बाबा परवा आले. साडेबाराला, रीतसर, आत. बूट काढून कोपऱ्यात लावले. लेकीने आधी जाऊन बूट तपासले, रिकामे आहेत याची खात्री केली, आणि मग कुठे त्यांच्या मांडीवर जाऊन बसली. एक वाजता मी अंथरुणं घातली. त्यांना म्हटलं, आता आवाज करू नका, तिच्या शेजारी आडवे व्हा. थोपटून घेणारा झोपला, कोपरावाली झोपली, कानवाल्याने कान सोडला. मी रांगत वाट काढत त्यांच्यापर्यंत आले तर लेक टक्क जागी, आणि बाबा तोंड उघडं टाकून घोरताहेत. खिशात फोन थरथरत होता. थांबला, पुन्हा थरथरला.

दोन वाजून गेले होते. किमान अर्धा तास, एवढंच मी लिहिलं होतं. जास्तीत जास्त किती, ते लिहायचं राहूनच गेलंय.