अण्णांचा पाय आणि विमानतळावरचा ट्रे

अण्णांना जयपूरला न्यायचं दोन वर्षांपासून नुसतं चाललं होतं, शेवटी गेल्या नोव्हेंबरात जमलं. अण्णा म्हणजे माझे वडील. फलटणला असतात, एसटीत कंडक्टर होते, ३१ वर्षं नोकरी केली. २००९ साली अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेला आणि तेव्हापासून जयपूर फूट, म्हणजे तिथला कृत्रिम पाय, आहे. पहिला पाय शिबिरात मिळालेला, मग एकदा बदलला, आता तोही सैल झाला होता, चालताना आवाज यायचा. "जिथं हा बनतो तिथंच जाऊन बसवून घेऊ एकदा" हा त्यांचा हट्ट. ट्रेनने जायचं तर अख्खा दिवस आणि वर रात्र, इतकं बसलं की उरलेल्या पायाला कळा लागतात त्यांना, म्हणून मग विमान. वयाच्या ७१ व्या वर्षी पहिलाच विमानप्रवास.

पुण्याला गेटवर डिजियात्राची रांग दिसली, तोंड दाखवा आणि आत जा वाली. अण्णांनी विचारलं, माझा फोटो घेऊन हे करणार काय? मी सांगितलं की चेहरा हाच बोर्डिंग पास होतो आणि विमान गेल्यावर २४ तासांत विमानतळाकडचा डेटा पुसतात असं त्यांचं म्हणणं आहे, सक्ती नाहीये, साध्या रांगेतून पण जाता येतं. "मग साध्याच रांगेनं जाऊ, आधार कार्ड आहे की खिशात." संपला विषय. मला बरं वाटलं ते, कारण निवड होती आणि ती त्यांनी स्वतः केली.

पुढे सिक्युरिटीला बॅगेतून आईने दिलेली सुक्या खोबऱ्याची वाटी निघाली. मी विसरलेच होते की सुकं खोबरं चालत नाही. तिथल्या माणसाने अण्णांना नीट सांगितलं, काका यात तेल असतं, पेट घेतं लगेच, म्हणून विमानात नेऊ देत नाहीत. अण्णांनी मान हलवली आणि वाटी काढून दिली, कुरकुर नाही काही नाही. आणि मग मेटल डिटेक्टरची चौकट वाजली, पंजा आणि नळी जोडणारा बोल्ट असतो ना त्याने. जवान तरुण होता, त्याने खुर्ची ओढली, अण्णांना बसवलं, स्वतः खाली गुडघ्यावर बसला आणि विचारलं, "काका, पँट थोडी वर करू का?" मग कागदाची एक छोटी पट्टी पायावरून, चपलेवरून फिरवली, ती मशीनमध्ये घातली, काही सेकंदात झालं. स्फोटकाचा कण जरी असला तरी ते मशीन ओळखतं. पाय काढायचा प्रश्नच आला नाही. अण्णा विमानात बसेपर्यंत त्या पोराचं कौतुक करत होते.

एक सांगते, अण्णा तपासणीच्या विरोधात अजिबात नाहीत. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारं आयसी ८१४ हे विमान पळवून कंदाहारला नेलं तेव्हा डेपोच्या कँटीनमध्ये आठ दिवस टीव्हीसमोरून कोणी हलत नव्हतं म्हणे, आणि त्यातल्या एका नवीन लग्न झालेल्या मुलाला मारलं हे आजही त्यांना आठवतं. त्यानंतरच आपल्या विमानतळांची सुरक्षा राज्यांच्या पोलिसांकडून सीआयएसएफकडे, म्हणजे केंद्राच्या औद्योगिक सुरक्षा दलाकडे, जायला लागली आणि त्याची सुरुवात फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून झाली. हे मी त्यांना जयपूरला उतरल्यावर टॅक्सीत सांगितलं. "म्हणजे तपासणी पण इथनंच सुरू झाली आणि माझा पाय पण इथलाच," असं म्हणून ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

जयपूरबद्दल खरं तर वेगळं लिहायला हवं. हवामहल वगैरे आम्ही रिक्षातूनच पाहिलं, अण्णांना त्यात रस नव्हता, त्यांना वर्कशॉप बघायचं होतं. १९६८ च्या सुमारास तिथल्या सवाई मानसिंह हॉस्पिटलमध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर यांनी मिळून हा पाय बनवला, बूट न घालता चालता यावं, उकिडवं बसता यावं, मांडी घालता यावी, म्हणजे आपल्यासारख्या जमिनीवर बसणाऱ्या माणसाला चालेल असा. १९७५ पासून भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो फुकट बसवून देते. आम्ही सकाळी गेलो. उरलेल्या पायाचं प्लास्टरचं माप घेतलं, त्यावरून साचा केला, मग भट्टीतून एक पाईप बाहेर काढला, गरम, लुसलुशीत झालेला, आणि दोघांनी हातमोजे घालून तो साच्यावर मोज्यासारखा ओढला. अण्णा ओरडलेच, "अगं ही तर आपल्या शेतातली पाईप!" आणि खरंच आहे ते, पाण्याच्या पाईपचंच प्लास्टिक असतं. संध्याकाळी अण्णा नव्या पायावर उभे राहिले, वर्कशॉपच्या व्हरांड्यात चार फेऱ्या मारल्या आणि पाचवीला काठी माझ्या हातात दिली. खाली वाकून पंजावरून हात फिरवला, अगदी नवीन वासराच्या पाठीवरून फिरवतात तसा.

आता येतानाचं.

येताना डायरेक्ट विमान मिळालं नाही, मध्ये एका शहरात बदलायचं होतं आणि तिथे परत सिक्युरिटी. कुठला विमानतळ ते लिहीत नाही कारण कोणा एकाची नोकरी जावी असं मला वाटत नाही, अण्णांना तर त्याहून नाही. गर्दी खूप होती. बायकांची रांग वेगळी, तपासणी पडद्याआड, त्यामुळे अण्णांना पुरुषांच्या रांगेत एकट्यालाच सोडावं लागलं. मी पडद्याआड हात पसरून उभी होते आणि मला चौकट वाजलेली ऐकू आली. मनात म्हटलं, पुण्यासारखंच होईल, दोन मिनिटं.

बाहेर आले तर अण्णा एका पायावर उभे. लोखंडी कठडा दोन्ही हातांनी धरलेला, पँटचा डावा पाय रिकामा लोंबतोय, आणि त्यांचा कालचा नवा कोरा पाय पट्ट्यावरच्या ट्रेमध्ये. मोजा आणि चप्पल तशीच घातलेली. पुढच्या ट्रेत कोणाचा तरी लॅपटॉप, मागच्यात बेल्ट आणि किल्ल्या. पाय एक्सरेच्या काळ्या पडद्यातून आत गेला. मागे रांगेत एक लहान मुलगी होती, तिच्या आईने तिचं तोंड आपल्याकडे वळवून घेतलं. ते वळवणं अण्णांनी पाहिलं. मला बाकी सगळ्यापेक्षा ते जास्त लागलंय.

मी विचारलं, खुर्ची का नाही दिली, आडोशाला का नाही नेलं? उत्तर आलं, "सुरक्षा का सवाल है मॅडम." मी म्हटलं मान्य आहे, पण ते पट्टीचं मशीन तुमच्या मागेच ठेवलंय की, चार पावलांवर. आवाज चढला माझा, माझे हात कापत होते. मग एक वरिष्ठ आले, त्यांनी आधी खुर्ची आणायला लावली, अण्णांना बसवलं आणि पाय स्वतःच्या हाताने आणून दिला. सॉरी पण म्हणाले, मनापासून म्हणाले असं मला वाटलं. पण पट्टे बांधायला अण्णांना दहा मिनिटं लागली आणि ती दहा मिनिटं सगळ्यांसमोरच गेली. विमान सुटेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

घरी आल्यावर मी वाचायला लागले. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी व्हिडिओ टाकून पंतप्रधानांना विनंती केली होती की दर वेळी विमानतळावर मला माझा कृत्रिम पाय काढायला लावतात, हे थांबवा. तेव्हा सीआयएसएफने जाहीर माफी मागितली आणि सांगितलं की नियमाप्रमाणे कृत्रिम पाय फक्त अपवादात्मक परिस्थितीतच काढायला सांगायचा असतो. म्हणजे नियम आधीपासून होता. इतक्या नावाजलेल्या बाईला व्हिडिओ टाकावा लागला, तर फलटणच्या रिटायर कंडक्टरने काय करायचं?

लोक म्हणतात, जिवापेक्षा लाज मोठी आहे का? माझं म्हणणं आहे की इथे असा सौदा करायची वेळच येत नाही. पुण्यात पाय न काढता जेवढी तपासणी झाली ती काही कमी नव्हती, तिथल्या विमानात मी निर्धास्त बसले. फरक फक्त विचारण्याचा, खुर्चीचा आणि पडद्याचा होता. ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, तेव्हा मला तो फोनमधल्या डेटापुरता वाटला होता. पण त्या ट्रेसमोर उभं राहिल्यावर कळलं की तो आधी शरीराचा आहे. आणि तिथे तुम्ही नाही म्हणू शकत नाही, नाही म्हटलं तर विमान चुकतं, म्हणून तर विचारणाऱ्याने जास्त जपून विचारायला हवं ना.

चार दिवसांनी अण्णा आपणहून बोलले. अंगणात मांडी घालून बसले होते, नवा पाय छान वळतो. म्हणाले, "३१ वर्षं लोकांच्या पिशव्या बघितल्या मी, पण धनी कोण ते विचारल्याशिवाय एका पिशवीला हात लावला नाही." तेवढंच.

मी तक्रार पाठवलीय, बघू काय उत्तर येतंय. मार्चमध्ये पुतण्याच्या लग्नाला बंगळुरूला जायचंय, ट्रेनने जाऊ म्हटलं तर ऐकत नाहीत, विमानच पाहिजे. कोणी प्रवास करणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, आडोशाला तपासणी करा असं आपण मागू शकतो, आणि चौकटीत शिरायच्या आधीच सांगितलं तर बरं पडतं. अण्णांनी नोकरीतल्या एका जुन्या पॅडचा पुठ्ठा कापून शर्टाच्या खिशात बसेल असं कार्ड केलंय आणि त्यावर निळ्या पेनने हिंदीत लिहिलंय, कंडक्टरच्या त्या ठसठशीत अक्षरात, "मेरा बायाँ पैर नकली है. कृपया पहले कुर्सी दीजिए."