फालाडाची बारीक अक्षरं

शनिवार, रात्री

जर्मन लेखक हान्स फालाडाची शेवटची कादंबरी आज पुन्हा वाचून झाली. आधी मायकेल हॉफमनच्या इंग्रजी भाषांतरातून वाचली होती, या वेळी मूळ जर्मनमधून, शब्दकोश शेजारी ठेवून. ‘येडर श्टिर्ब्ट फ्युर झिश अलाइन’. प्रत्येक जण आपापला, एकटाच मरतो.

गोष्टीचा गाभा खरा आहे. ओटो आणि एलिझ हाम्पेल हे बर्लिनमधलं साधं कामकरी जोडपं. १९४० मध्ये एलिझचा भाऊ युद्धात मारला गेला आणि ही दोघं हिटलरविरुद्ध पोस्टकार्डं लिहायला लागली. हातानं लिहायची आणि इमारतींच्या जिन्यांत गुपचूप ठेवून यायची. दोनशेच्या वर कार्डं झाली. १९४२ मध्ये ती दोघं पकडली गेली आणि ८ एप्रिल १९४३ रोजी प्लोट्सेनझेच्या तुरुंगात दोघांचा शिरच्छेद झाला. कादंबरीत ती ओटो आणि आना क्वांगेल होतात, आणि भावाच्या जागी त्यांचा एकुलता एक मुलगा येतो.

मला सगळ्यात जास्त हलवतो तो हिशेब. क्वांगेलनं २७६ कार्डं आणि ९ पत्रं लिहिली. त्यातली १८ सोडली तर बाकी सगळी लोकांनी भीतीपोटी गेस्टापोकडे, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांकडे, नेऊन दिली. हे त्याला अटकेनंतर कळतं, तपास करणारा गेस्टापो अधिकारी एशेरिष याच्या तोंडून. आणि त्या सगळ्या लिखाणानं मनापासून बदललेला माणूस एकच, खुद्द एशेरिष. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

हे लिहिणारा माणूस काही वीर नव्हता. खरं नाव रुडॉल्फ डिट्सेन. १८९३ साली ग्राइफ्सवाल्डला जन्म, वडील न्यायाधीश. अठराव्या वर्षी त्यानं आणि एका मित्रानं मरायचं ठरवलं आणि ते द्वंद्वयुद्ध दिसावं असं घडवून आणलं. मित्र गेला, हा वाचला आणि मनोरुग्णालयात पोचला. पुढे मॉर्फिन, दारू, शेतीमळ्यांवर नोकऱ्या, अफरातफर आणि दोनदा तुरुंग. न्यायाधीशाच्या घरात वाढलेल्या मुलानं गज आतून पाहिले. त्याच्या पुस्तकांतली साधी माणसं इतकी खरी वाटतात त्याचं मूळ मला इथं दिसतं. १९३२ च्या ‘क्लाइनर मान, वास नून?’ (छोट्या माणसा, आता काय?) या कादंबरीनं तो जगभर पोचला. बेकारीच्या धास्तीत जगणारा पिनेबर्ग आणि त्याची लेमशेन, दोघंही मला फार जवळची.

नाझी आल्यावर कितीतरी लेखक देश सोडून गेले. हा मेक्लेनबुर्गमध्ये, कारविट्सच्या घरी राहिला. नाझी प्रचारमंत्री गोबेल्सच्या दबावाखाली त्यानं ‘डेअर आयझर्न गुस्टाव’ या आपल्या कादंबरीचा शेवटही बदलला. हे मला टोचतं, आणि टोचत राहावं असंच वाटतं.

पण मग १९४४ येतं. घटस्फोटानंतर दारूच्या नशेत पहिल्या बायकोसमोर बंदूक चालवली म्हणून त्याला श्ट्रेलिट्सच्या कोठडीवजा मनोरुग्णालयात ठेवलं. तिथं त्यानं लिहायला कागद मागून घेतला. त्यावर एका दारुड्याची कादंबरी लिहिली आणि नाझी राजवटीतल्या आपल्या वर्षांची कैफियतही लिहिली. अक्षर मुंगीएवढं, कागद उलटा करून ओळींच्या मधल्या जागेत पुन्हा ओळी, कुणालाही पटकन वाचता येऊ नये म्हणून. पहारेकऱ्याच्या हाती लागली असती तर जीव गेला असता. ऑक्टोबरमध्ये एक दिवस घरी जायची परवानगी मिळाली, तेव्हा ती पानं त्यानं लपवून बाहेर नेली. मीही रोज लिहिते, पण कुणाच्या धाकाशिवाय, दिव्याखाली. त्या पानांपुढे मान आपोआप खाली जाते.

युद्ध संपल्यावर रशियनांनी त्याला काही महिने फेल्डबर्गचा महापौर केलं. मग तो बर्लिनला आला. तिथं कवी योहानेस बेखर यांनी हाम्पेल दांपत्याची गेस्टापोची फाइल त्याला दिली आणि यावर कादंबरी लिही म्हणून सुचवलं. तो आधी कचरला. आपणही प्रवाहाबरोबर वाहत गेलो, आता होतो त्यापेक्षा चांगले दिसायचं कशाला, असं त्याचं म्हणणं. मला वाटतं, लिहायचा अधिकार त्याला या कचरण्यानंच दिला. शरीर व्यसनांनी पोखरलेलं असताना, १९४६ च्या शरदात, त्यानं हा जाडजूड ग्रंथ चार आठवड्यांच्या आत लिहून काढला. ५ फेब्रुवारी १९४७ ला तो गेला. पुस्तक छापून आलेलं त्यानं पाहिलंच नाही.

छापतानाही संपादकानं कात्री लावली. क्वांगेल दांपत्य आधी हिटलरवर भरवसा ठेवून होतं, आना तर नाझी महिला संघटनेचं काम करायची, हा भाग तेव्हा गाळला. पूर्ण पाठ थेट २०११ मध्ये जर्मनमध्ये आला. या वेळी मी तोच वाचला, आणि माझ्या लेखी गाळलेली तीच पानं सगळ्यात मोलाची आहेत. आधीपासून निर्मळ असलेल्या माणसांनी कार्डं लिहिणं वेगळं. चुकीच्या बाजूला उभं राहून, पोरगा गमावून, मग जिने चढू लागलेली ही दोघं फालाडाला आतून ठाऊक होती. पुढच्या आठवड्यात पिनेबर्गही जर्मनमधूनच घेणार आहे.