विळ्याला पाणी देताना

लोहारकाम हा माझा छंद आहे म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "मग तलवार बनवून देशील का?" नाही देणार. एक तर शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलीयेत, आणि दुसरं म्हणजे मला मनापासून विळा, खुरपं, उलथणं, दाराची कडी हेच बनवायला आवडतं. तलवार भिंतीवर टांगणार, तिची धार टिकते की नाही हे कुणाला कधी कळायचंच नाही, विळा मात्र गवतात घातला की लगेच कळतं काम नीट झालंय का ते.

नोकरी माझी सॉफ्टवेअरची, पुण्यात. सुट्टीच्या दिवशी पौडच्या बाजूला मैत्रिणीच्या जागेत पत्र्याच्या शेडखाली भट्टी लावते. ऐरण जुन्या बाजारातली, सांडशी आणि छिन्न्या हळूहळू स्वतःच केल्या. व्हिडिओ बघून बरंच कळतं, नाही असं नाही, पण मला खरं शिकवलं ते रस्त्याकडेला पाल टाकून बसणाऱ्या घिसाडी मामा-मावशींनी. पावसाच्या तोंडावर कुळवाची फास, कुऱ्हाडी, खुरपी शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून पुन्हा धारेची करून घ्यायला शेतकरी येतात तेव्हा त्यांना मान वर करायला फुरसत नसते, आणि तरी त्यांनी मला शेजारी बसू दिलं, याचं मला आजही खूप वाटतं.

त्यांचं काम एकदा जवळून बघाच. भट्टी म्हणजे जमिनीतला छोटा खड्डा, त्याला हाताने फिरवायचा पंखा, ऐरण जमिनीत ठोकलेली, मामा खाली बसलेले. डाव्या हातात सांडशीत धरलेलं लाल लोखंड, उजव्या हातात लहान हातोडी, आणि जिथे टोला हवा तिथे ते फक्त टक् करून दाखवतात, की समोर उभ्या मावशी घण बरोब्बर त्याच जागी पाडतात. बोलणं नाही काही नाही. घण मोठा असतो हो, आणि तो बाईच्याच हातात असतो, मामांच्या हातोडीने ऐरणीवर रिकामा ठोका दिला की मावशी थांबतात. बायकांना हे काम झेपतं का असं मला कुणी विचारलं की मी त्यांना सरळ पालावर घेऊन जाते.

माल म्हणाल तर ट्रकच्या कमानीचा (स्प्रिंगचा) पाटा, भंगारात मिळतो. त्यात साधारण अर्धा टक्का कार्बन असतो म्हणून तो कडक होतो, साधा एमएसचा, म्हणजे कमी कार्बनच्या माइल्ड स्टीलचा पट्टा कितीही तापवून पाण्यात बुडवा, धार धरण्याइतका कडक होणारच नाही. कुठला तुकडा कुठला हे ओळखायला ग्राइंडरला लावून ठिणग्या बघायच्या, एमएसच्या ठिणग्या लांब सरळ जातात आणि कार्बन जास्त असला की ठिणगी पुढे जाऊन फुटते, तिला फांद्या येतात. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, जीआयचा पाइप किंवा जस्ताचा मुलामा असलेलं काहीही भट्टीत टाकायचं नाही, जस्ताच्या धुराने ताप भरतो. आणि लाली गेलेलं काळं लोखंड गार समजून उचलायचं नाही, ४०० अंशालाही ते काळंच दिसतं.

आता पाणी देणं, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात किंवा तेलात बुडवून कडक करणं, माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट. शेड मुद्दाम अंधारी ठेवायची, उन्हात रंग फसवतात. पातं लाल झालं की चुंबक लावून बघायचं, ७७० अंशांच्या आसपास लोखंडाला चुंबक चिकटायचं बंद होतं, त्याच्या थोडं पुढे नेलं की तयार. सुरीला मी कोमट तेल वापरते, पण मामा विळ्याची फक्त धारेची कड पाण्यात धरतात, पाठ लालच राहू देतात, मग लगेच बाहेर काढून विटेच्या तुकड्याने ती कड घासून चकचकीत करतात आणि बघत बसतात. पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे यायला लागते आणि तिच्याबरोबर रंग सरकतात, आधी फिका गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा २२० अंशांच्या आसपास, निळा ३०० च्या. पिवळ्यावर थांबवलं तर धार कडक पण दगड लागला की टवका उडणार, निळ्यावर गेलं तर चिवट पण लवकर बोथट. विळ्याला जांभळा येता येता पाण्यात. हे सगळं काही क्षणांत होतं आणि मावशी दरवेळी म्हणतात, "ताई, रंगावरनं नजर काढू नको." ऑफिसातलं सगळं डोक्यातून जातं त्या वेळी.

तांब्याचं नेमकं उलटं. कसबा पेठेत तांबट आळीत मठारकाम बघा, तांबं ठोकून ठोकून कडक होतं आणि लाल करून पाण्यात टाकलं की मऊ पडतं. पोलाद शिकून तांब्याकडे गेलं की हाताला सगळं नव्याने शिकवावं लागतं, मला ते फार आवडतं.

शोभेच्या वस्तूही करते, पानं, दिवे, सायकलच्या चेनचे पक्षी. पण छत्तीसगडला कोंडागावकडचे लोहार तापवून ठोकून जी हरणं आणि दिवट्या घडवतात, वेल्डिंग न करता, त्या पाहिल्यापासून मी वेल्डिंग मशीन कमी वापरायला लागले. जोड द्यायचाच तर रिव्हेट मारायचा किंवा पट्टी गुंडाळायची. झालेली वस्तू गरम असतानाच जवसाचं तेल चोळलं की छान काळी झाक चढते, तरी मुळशीच्या पावसात दोन महिन्यांनी परत हात फिरवावा लागतोच.

कुणाला सुरुवात करायची असेल तर साधा एमएसचा बार घ्या आणि खुंटीला लावायचे हूक करा, टोक काढणं, वाकवणं, पीळ देणं, सगळं त्यात येतं. आणि घिसाडी पाल दिसलं तर थांबा, घरातली बोथट विळी घेऊन जा, सांगतील तो पैसा द्या. प्लॅस्टिकच्या मुठीचा दुकानातला विळा स्वस्त पडतो म्हणून लोक तिकडे जातात, पण तो बोथट झाला की फेकायचा, मामांनी केलेला विळा मात्र पात्यात लोखंड शिल्लक आहे तोवर परत परत शेवटता येतो, आणि ही कला त्यांच्या पोरांनी सोडू नये असं वाटत असेल तर त्यांना कामच द्यायला हवं.

माझं पुढचं काम ठरलंय, आत्याच्या भातासाठी दातेरी विळे. दात छिन्नीने पाडायचे असतात, तेही पाणी द्यायच्या आधी, आणि सगळे एकाच बाजूला कललेले. छिन्नी करून झालीये, पाटा कापून ठेवलाय, कापणीच्या आत व्हायला हवेत.