ठाणे खाडीचा लेख सुधारताना

ऑनलाइन मुक्त ज्ञानकोशातला ठाणे खाडीवरचा लेख मी नीट वाचायला घेतला, तेव्हा त्यात फ्लेमिंगो भरपूर होते आणि खाडी जवळजवळ नव्हतीच. पक्षी कधी येतात, बोटीतून कसे दिसतात, सूर्यास्त किती देखणा असतो, हे सगळं होतं. पाणी येतं कुठून, काठाला कोण राहतं, यावर अवाक्षर नाही. ज्या पाण्याने साष्टी बेट आणि मुंबई मुख्य भूमीपासून वेगळी राहिली, त्याच्यावरचा मराठी लेख सहलीच्या पत्रकासारखा असावा याचं वाईट वाटलं, म्हणून काम अंगावर घेतलं.

सगळा मजकूर आधी धूळपाटीवर, म्हणजे कोशातल्या सरावाच्या पानावर, उतरवला आणि एकेक वाक्य कशाच्या आधारावर उभं आहे ते तपासत गेलो. एक अख्खा परिच्छेद वर्तमानपत्रातून शब्दशः उचललेला निघाला. तो लगेच काढला. ‘निसर्गरम्य’, ‘नयनरम्य’ ही विशेषणंही गेली.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो क्षेत्रफळाने. लेखाच्या सुरुवातीला सुमारे १७ चौरस किलोमीटर लिहिलेलं, शेवटी ६५, आणि चर्चापानावर, म्हणजे लेखामागच्या संपादकांच्या चर्चेच्या पानावर, यावरून दोघांची जुंपलेली. मी मूळ कागद काढून बसलो. २०१५ मध्ये जाहीर झालेलं फ्लेमिंगो अभयारण्य १,६९० हेक्टरचं, म्हणजे सुमारे १७ चौरस किलोमीटरचं आहे. त्यात ८९६ हेक्टर तिवरांचं जंगल आणि ७९४ हेक्टर पाणी. पुढे २०२२ मध्ये हा परिसर महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला, तेव्हा भोवतालचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रही धरलं गेलं आणि आकडा ६,५२१ हेक्टरवर, म्हणजे सुमारे ६५ चौरस किलोमीटरवर पोचला. म्हणजे दोन्ही आकडे बरोबर, पण खाडीचं क्षेत्रफळ त्यातला एकही नाही. लेखाच्या कडेच्या माहितीचौकटीतून आकडा काढला, दोन्ही आकडे आपापल्या हद्दीच्या नावासकट खाली मांडले आणि तसं चर्चापानावर लिहिलं. ‘आपलं म्हणणं पटलं, अधिसूचनेचा दुवा तेवढा जोडा,’ एवढं उत्तर आलं आणि वाद मिटला.

मग उल्हास नदी. ‘उल्हास नदी ठाणे खाडीतून समुद्राला मिळते’ असं पहिल्याच ओळीत होतं. नकाशा उघडला तरी हे खटकतं. उल्हास कल्याणवरून येते, ठाण्याच्या उत्तरेला पश्चिमेकडे वळते आणि तिचं मुख्य पाणी घोडबंदरवरून वसईच्या खाडीत जातं. ठाणे खाडीशी तिचा सांधा आहे तो शहराजवळच्या एका चिंचोळ्या फाट्यापुरता. ही ओळ दुरुस्त केल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही. पावसाळा सोडला तर खाडीत गोडं पाणी थोडंच येतं. पाणी हलतं ते भरती-ओहोटीने. समुद्राकडे खाडी रुंद, ठाण्याकडे अरुंद आणि उथळ. वरच्या टोकाला ओहोटी सगळं धुऊन नेत नाही, गाळ बसतो, गाळावर तिवरं पुढे सरकतात. शहरांचं सांडपाणी येऊन मिळतं, त्याने शेवाळ वाढतं, आणि ‘लहान फ्लेमिंगो’ (लेसर फ्लेमिंगो) या जातीचा पक्षी चोचीतून पाणी गाळून तेच सूक्ष्म शेवाळ खातो. १९९०च्या दशकापासून ते इथे मोठ्या संख्येने का येऊ लागले, याच्या उत्तराचा मोठा भाग या गाळात आहे. हा विभाग मी तीन वेळा लिहून काढला, कारण माझ्या मते लेखाचा कणा हाच आहे.

कोळ्यांबद्दल लिहिताना मात्र नियम आड आला. ऐरोलीकडच्या एका वयस्कर दादांनी मला सांगितलं, “पयलं या खारीन जितारा गावायचा, आता जाल्यान पिशव्याच येतान.” त्यांना खाडीची जितकी माहिती आहे तितकी कुठल्या अहवालात नसेल. पण छापील आधार नसलेलं कोशात टिकत नाही, आणि तो नियम योग्यच आहे, नाहीतर कुणीही काहीही लिहील. दादांनी सांगितलेल्या गोष्टींची यादी केली आणि तिचा आधार शोधत निघालो. ठाण्यातल्या प्राध्यापकांनी खाडीवर वर्षानुवर्षं अभ्यास केलेला आहे. १८८२ सालच्या गॅझेटियरमध्येही, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथातही, मासेमारी आणि मिठागरांची नोंद मिळते. जिताडा, बोय, निवटी, चिंबोरी ही मासे-खेकड्यांची नावं अशी संदर्भासह लेखात आली. दादांचं वाक्य आलं नाही, याची हळहळ आहे.

पुलांचं काम सोपं होतं. १८५३ मध्ये रेल्वे ठाण्यापर्यंत आली, १८५४ मध्ये खाडी ओलांडून कल्याणला गेली. वाशीचा पहिला पूल १९७३चा, दुसरा १९९७चा, ऐरोलीचा १९९९चा. खाडीच्या मुखाशी शिवडीहून निघणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. तारखा जुळल्या की झालं.

आता लेख मूळच्या तिपटीने मोठा आहे आणि ‘संदर्भ हवा’ची खूण दोनच ठिकाणी उरली आहे. दोन्ही मिठागरांच्या विभागात. भांडुप-मुलुंडच्या बाजूची मिठागरं कोण चालवायचं, मजूर कुठून यायचे, मीठ कसं हलवलं जायचं, यावर मराठीत छापलेलं काही, अगदी स्मरणिकेतला लेखसुद्धा, कुणाच्या घरी असेल तर त्याचं नाव, वर्ष आणि पान क्रमांक चर्चापानावर टाका. भर मी घालतो.