रेघ खरी की व्हर्नियर?

आमच्या सोलापूरच्या आयटीआयमधला (औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला) जॉब, म्हणजे सरावाला दिलेलं काम, साधाच होता. माइल्ड स्टीलचे ७० × ५० × १० मिमीचे दोन तुकडे. एकाला मधोमध २४ मिमी रुंद आणि २० मिमी उंच जीभ काढायची, दुसऱ्यात तिच्या मापाचा गाळा करायचा आणि दोन्ही एकमेकांत बसवायचे. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, ±०.०४ मिमी. फिटरच्या, म्हणजे सरकारी कागदावरच्या जोडारीच्या, पहिल्या वर्षाच्या २० जणांच्या युनिटला परीक्षेआधी हा सराव द्यायचा, हे दरसालचं. दिवस एप्रिलचे, वर पत्रा, त्यामुळे सकाळी आठलाच शेड तापायला लागलेली.

या जॉबला एक शिस्त आहे, ती मोडली की पुढचं सगळं बिघडतं. आधी चारही कडा काटकोनात आणायच्या आणि ७० चं माप पक्कं करायचं. मग मोरचुदाचं पाणी लावायचं (थोड्या नायट्रिक ॲसिडच्या थेंबांनी ते छान धरतं), तांबूस थर बसला की सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाटावर) उभं करून व्हर्नियर हाइट गेजनं, म्हणजे प्लेटपासून उंची धरून रेघ मारायच्या साधनानं, २३ आणि ४७ वर रेघा मारायच्या. रेघेवर बारीक पंचाचे ठिपके. त्यानंतर दोन्ही कोपरे एकदम कापायचे नाहीत. आधी एकच कोपरा कापायचा, करवतीनं अर्धा-एक मिमी शिल्लक ठेवून. कानशीनं रेघेपर्यंत आणायचं आणि समोरच्या शाबूत कडेपासून व्हर्नियर कॅलिपरनं ४७.०० मोजायचं. हे पक्कं झालं की मगच दुसरा कोपरा, आणि आता जिभेची रुंदी २४.०० मोजायची. दोन्ही कोपरे एकदम उडवले की मोजायला कडच उरत नाही. नवशिकी पोरं घाईत नेमकं हेच करतात.

अकराच्या सुमारास अक्कलकोटकडचा एक मुलगा जॉब हातात घेऊन आला.

"सर, रेघ आली. ठिपके अर्धे झाले. पण व्हर्नियर ४७.३० दाखवतंय. रेघेच्या आत जाऊ का?"

त्याला थांबायला सांगितलं. आधी वाटलं, वाचायला चुकला असेल. व्हर्नियरवर मुख्य पट्टीच्या ४९ मिमीचे ५० भाग असतात, एक भाग ०.९८, म्हणून लघुतम माप ०.०२. पंधरावी रेघ जुळली की ०.३०. मी स्वतः लावून पाहिलं. पंधरावीच जुळत होती.

दहा मिनिटांनी पलीकडच्या बाकावरून एका मुलीनं हाक मारली. तिचं उलटं होतं. व्हर्नियर ४७.०० म्हणत होतं, म्हणजे थांबायचं. पण रेघ अजून लांब होती, ठिपके अख्खे दिसत होते. रेघ म्हणते घास, व्हर्नियर म्हणतं थांब.

एकाच बॅचमध्ये, एकाच जॉबवर, दोन उलट तक्रारी आल्या की हाताला दोष देण्यात अर्थ नसतो. हात चुकला असता तर एकाचं ०.१ ने, दुसऱ्याचं ०.४ ने, कसंही चुकलं असतं. इथं दोन्हीकडे फरक बरोबर ०.३० चा. सगळ्यांना कानशी खाली ठेवायला सांगितल्या.

पहिला अंदाज कुणीतरी लगेच दिलाच: ऊन. सोलापुरात एप्रिल-मे मध्ये काहीही चुकलं तरी उन्हावर ढकलता येतं. पण फळ्यावर गणित मांडलं. स्टील दर अंशाला लांबीच्या लाखामागे साधारण १.२ ने वाढतं. मापनाचं प्रमाण तापमान २० अंश, शेडमध्ये ४० धरलं तरी ७० मिमीच्या तुकड्याची वाढ ०.०१७ मिमी. टॉलरन्सच्या निम्मीसुद्धा नाही. शिवाय व्हर्नियरही स्टीलचाच, तोही तेवढाच वाढतो. ०.३ चा दोष उन्हाच्या अंगावर घालता येत नाही. मग सरफेस प्लेट पुसून पाहिली, गेजच्या बैठकीखाली चुरा नव्हता. दोघांनी रेघा कशा मारल्या ते विचारलं आणि गाठ सुटायला लागली.

मुलानं एकाच कडेवर तुकडा उभा करून २३ आणि ४७ अशा दोन्ही रेघा मारल्या होत्या. मुलीनं २३ ची रेघ मारून तुकडा उलटा उभा केला आणि दुसऱ्या कडेवरून पुन्हा २३ ची मारली. दोन्ही पद्धती चालतात. पण गेजच प्रत्येक रेघ ०.३ ने वर मारत असेल तर? मुलाच्या रेघा २३.३ आणि ४७.३ वर, जीभ रुंदीला बरोबर २४, फक्त जागेवरून ०.३ सरकलेली. मुलीच्या रेघा दोन्ही कडांपासून २३.३ वर, म्हणजे जीभ २३.४०, जागा बरोबर पण रुंदी ०.६ ने कमी. दोन्ही लक्षणं एका रोगाची.

गेज दोन होते. १० मिमीची स्लिप गेज (अचूक मापाचा ठोकळा) प्लेटवर ठेवून दोन्हींचं टोक तिच्या माथ्यावर टेकवलं. एकानं १०.०० दाखवलं, दुसऱ्यानं ९.७०. मग त्या दुसऱ्याला शून्यावर आणलं. उभ्यानं पाहिलं तर टोक प्लेटला टेकलंय असंच वाटतं. वाकून ०.३० ची फीलरची, म्हणजे फट मोजायची, पाती सरकवली, ती सरळ आत गेली.

कारण स्क्रायबर, म्हणजे गेजचा रेघ मारणारा भाग, काढल्यावर दिसलं. कार्बाइडचं टोक कधीतरी बोथट झालं असणार आणि कुणीतरी ग्राइंडरवर धार काढली असणार, ती खालच्या बाजूनं. हाइट गेजच्या स्क्रायबरची खालची सपाट बाजू हीच मोजायची बाजू. तिच्यावरून शून्य ठरतं. धार काढायची तर फक्त वरच्या तिरक्या बाजूनं, तीही हिरव्या सिलिकॉन कार्बाइडच्या चाकावर. साध्या करड्या चाकावर कार्बाइड तापतं आणि तडकतं. खालून ०.३ घासलं की गेज आयुष्यभर प्रत्येक रेघ ०.३ ने वर मारत राहणार, आणि अक्षरं, पट्टी, व्हर्नियर सगळं चकचकीत, कुणाला शंकाही येणार नाही. धार कुणी काढली हे शोधण्यात वेळ घालवला नाही. दुरुस्तीची नोंद नव्हती एवढं कळलं, आणि खरं बोट तिथंच ठेवायला हवं.

बारा जणांनी त्या गेजवर आखणी केली होती. त्यांतल्या काहींनी तर जीभ आणि गाळा दोन्ही रेघेवर आणून एकमेकांत बसवूनही पाहिलं होतं, आणि छान बसत होतं! इथं खरी मेख आहे. जीभ २३.४० आणि गाळाही २३.४०, म्हणजे जोड घट्ट. प्रकाशाची रेषसुद्धा दिसत नाही. सरकलेल्या जिभेचंही तसंच: एका बाजूनं घातली की बाहेरच्या कडा सपाट. पण तीच जीभ उलटी फिरवून घाला, बाहेरच्या कडेला ०.६ ची पायरी नखाला लागते. दोष ०.३ चा, उलटवल्यावर दुप्पट. म्हणून या जॉबला नेहमी दोन्ही बाजूंनी फिरवून तपासतात, आणि म्हणूनच नुसतं 'बसलं' यावर गुण देत नाहीत. खोटं खोट्यात नेहमीच घट्ट बसतं.

हे सोलापुरात कुणाला वेगळं सांगायला नको. १८७७ सालच्या जुन्या मिलपासून इथं मागावरचं काम जॉबरच्या (मिलमधल्या मुकादमाच्या) हाताखाली शिकायची रीत. माप त्या खात्याचं, त्या जॉबरच्या हाताचं. आजही पूर्व भागातल्या एखाद्या कारखान्यात पॉवरलूमचा घासलेला भाग जुन्या तुकड्यावर ठेवून नवा केला जातो, तो त्या मागाला झक्क बसतो आणि शेजारच्या मागाला बसत नाही. कारागीर उत्तम असतो. पण त्याचं कौशल्य त्या गल्लीबाहेर न्यायला कागद नसतो, आणि कागद असला तरी त्यामागे सगळीकडे एकच माप हवं.

आयटीआयची सगळी व्यवस्था याच एका गोष्टीसाठी उभी राहिली, हे त्या दिवशी पोरांना सांगायला आयतं निमित्त मिळालं. १९५० मध्ये केंद्राच्या कामगार खात्यानं शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. १९५६ मध्ये संस्थांचा रोजचा कारभार राज्यांकडे गेला आणि त्याच वर्षी व्यवसाय प्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद आली, जिला पुढं सगळे एनसीव्हीटी म्हणू लागले. वाटणी सरळ होती: अभ्यासक्रम, दर्जा, परीक्षा, प्रमाणपत्र देशभर एक, इमारत, यंत्रं, निदेशकांचा पगार राज्याचा. अभ्यासक्रमाच्या कामाला कोलकात्याची संस्था १९६८ ची, पुस्तकं आणि आकृत्यांना चेन्नईची निमी १९८६ ची; तिच्या स्वाध्यायांचे क्रमांक आमच्या जॉबकार्डावर असतात. शिकवणाऱ्यांना शिकवायला मुंबईसारख्या ठिकाणी केंद्राच्या वेगळ्या संस्था. ही सगळी रचना बारकाईनं केलेली आहे. एकच फट आहे, ती या वाटणीतच: रेघ कितीवर मारायची हे वरून ठरतं, रेघ मारणारं गेज मात्र आमच्या भांडारातलं. डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) गेज 'चालू स्थितीत' असतं. शून्य कुठं आहे, हा रकाना त्या रजिस्टरमध्ये नाही.

माझ्या मते गेल्या काही वर्षांतले मोठे बदलसुद्धा या रकान्याला शिवलेले नाहीत. २०१३ मध्ये सेमिस्टर आलं, २०१८ मध्ये परत वार्षिक झालं. दोन्ही वेळा रजिस्टरं नवी आखली. २०१८ च्या डिसेंबरमध्ये नव्या राष्ट्रीय परिषदेची, एनसीव्हीईटीची, अधिसूचना निघाली, १ ऑगस्ट २०२० पासून तिचं काम सुरू झालं. थिअरीचा पेपर संगणकावर गेला. हे चांगलंच आहे, कॉपीला आळा बसला. पण प्रात्यक्षिक बाकावरच होतं, आणि पास व्हायला बाकी विषयांना ३३ टक्के पुरतात, प्रात्यक्षिकाला ६० लागतात. बाहेरचा परीक्षक स्वतःचा व्हर्नियर घेऊन आला असता, तर त्या २३.४० च्या जिभेचं त्यानं काय केलं असतं?

दुपारी जेवणानंतर उरलेलं काम. दोष कळला की सुधारणं अवघड नव्हतं, पण सगळ्यांचं सारखं नव्हतं. ज्यांनी एका कडेवरून आखून पहिला कोपरा ४७.३० वर आणला होता त्यांच्याकडे धातू शिल्लक होता. मोरचूद पुन्हा लावून चांगल्या गेजनं रेघा मारल्या, ०.३ स्मूथ कानशीनं उतरवली. कानशीला खडू घासायला लावला, नाहीतर दातांत कीस अडकून नेमक्या शेवटच्या पासला ओरखडा पडतो. ज्यांचा गाळा अजून नुसता साखळी भोकांवर (कापण्याआधी ओळीनं पाडलेल्या भोकांवर) होता त्यांचंही भागलं. ज्यांची जीभ २३.४० झाली होती ते मात्र तुकडे गेले. घासलेलं परत येत नाही. बारांतले पाच वाचले, सातांना नवे तुकडे कापून दिले आणि त्यांचा दिवस तिथंच संपला.

वाईट गेजचं काय करायचं यावर थोडा वाद झाला. व्हर्नियरच्या पट्टीचे दोन बारीक स्क्रू सैल करून ती ०.३ सरकवली की शून्य जुळतं, असा एक पक्ष होता. करता येतं. पण हातानं घासलेली खालची बाजू प्लेटला समांतर उरलेली नव्हती. ती एका टोकावरच टेकत होती आणि तिथं झिज लवकर होणार. नवा स्क्रायबर हाच उपाय. स्क्रायबर चिमूटभर, जेमवरची (सरकारी खरेदीच्या पोर्टलवरची) खरेदी मात्र हातभर, त्यामुळे तोवर गेज डब्यात घालून कुलूप. राहिलेल्या गेजला रोज सकाळी स्लिप गेजवर लावून पाहायचं आणि वाचन तारीख-सहीसह वहीत लिहायचं, हे त्या दिवसापासून सुरू केलं. यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. आधीच करायला हवं होतं.

संध्याकाळी अडचण गुणांची आली. अंतर्गत मूल्यमापनाला २०० गुण आणि निकष तीन पायऱ्यांत: ६० ते ७५ टक्के, ७५ ते ९०, ९० च्या वर, अचूकता, सफाई, मदत किती लागली यावरून. सात जणांची अचूकता कागदावर शून्य. पण त्यांनी रेघ पाळली होती, आणि रेघ पाळा हेच आम्ही वर्षभर सांगत आलो. तेव्हा त्या सातांचा जॉब गुणांतून वगळून नव्यावर गुण द्यायचे ठरलं. ज्या दोघांनी कानस थांबवून विचारलं, त्यांच्या कार्डावर मोजमापाच्या रकान्यात तेवढंच लिहिलं: रेघ व व्हर्नियर यांतील तफावत स्वतः ओळखली.

मूल्यमापनाचे पुरावे पुढच्या परीक्षेपर्यंत जपून ठेवायचे असतात. बिघडलेल्या सात जोड्या तारेनं बांधून, ९.७० लिहिलेली चिठ्ठी लावून, त्या स्क्रायबरसकट त्याच कपाटात ठेवल्या.