पुण्याचा जुना बाजार: लेकीच्या खोलीचं सामान, घरपोच हिशोबासकट

लेकीला पुण्यात प्रवेश मिळाला आणि दोन मैत्रिणींबरोबर तिनं पेठेत एक खोली भाड्यानं घेतली. खोलीत ओटा होता, नळ होता, आणि भिंतीत दोन खिळे. बाकी सगळं आपणच उभं करायचं. नवं घ्यायला गेलो असतो तर महिन्याचं गणित कोलमडलं असतं, म्हणून भाऊजींना म्हटलं, एक दिवस काढा, आपण जुन्या बाजारात जाऊन येऊ. माझे दीर गॅरेजमध्ये फिटर आहेत. लोखंड हातात घेतलं की त्यांना त्याची पत कळते. मला भांड्यांचं कळतं. लेक सोबत होती, कारण वापरणार ती. असे तिघं गेलो.

पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत, कुंभारवेशीपासून पुढच्या रस्त्याला, बुधवारी आणि रविवारी भरतो. आम्ही मुद्दाम बुधवार धरला. रविवारी जुनी नाणी, घड्याळं, कॅमेरे जमवणारे हौशी लोक फार येतात, गर्दीत वस्तू खाली वाकून नीट पाहता येत नाही. आणि घरासाठी घ्यायचं असेल तर वाकून पाहणं हेच निम्मं काम आहे.

साताऱ्याहून पहाटेची एस.टी. धरली. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे, त्यामुळे माझं जाणं-येणं भाऊजींच्या निम्म्यात झालं. स्वारगेटला उतरून मेट्रोनं कसबा पेठ स्थानकावर आलो आणि तिथून विचारत विचारत कुंभारवेशीकडे चालत गेलो. स्वतःची गाडी नेऊ नका. तिथे लावायला जागा शोधण्यात तास जातो आणि सगळा वेळ जीव गाडीत अडकून राहतो.

निघताना पिशवीत काय घातलं ते सांगते, कारण प्रत्येक वस्तू कामाला आली. पाण्याची बाटली (प्यायला वेगळी, भांडी तपासायला वेगळी), जुन्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक, मोजायची टेप, खोलीची मापं लिहिलेला कागद, जुनी वर्तमानपत्रं, सुतळी आणि दोन गोणपाटाच्या पिशव्या. पैसे दहा, वीस, पन्नास, शंभरच्या नोटांत. आता बहुतेकांकडे स्कॅन करायची पाटी असते, पण ‘एवढेच आहेत हो’ म्हणून हातातल्या नोटा पुढे केल्या की सौदा जसा पटतो तसा फोन पुढे करून पटत नाही. पैसे आतल्या खिशात ठेवा, पिशवी पुढे धरा.

दहाच्या सुमारास पोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. निम्म्या लोकांनी मालावर प्लास्टिक टाकलेलं. कुठे नुसती पोती अंथरलेली, कुठे हातगाडी, कुठे पदपथावर बुटांची रांग. स्क्रू, नळाच्या तोट्या, गाड्यांचे आरसे, शिवणयंत्राचं चाक, कपडे, खुर्च्या, सगळं शेजारी शेजारी. पहिला अर्धा तास काहीच घ्यायचं नाही, नुसतं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, असं आम्ही आधीच ठरवलं होतं. तेच बरं झालं. एकाच मापाची कढई तीन ठिकाणी दिसली आणि तिन्हीकडे भाव वेगळा.

तवा घ्यायचा होता बिडाचा. एका पोत्यावर तवे, अडकित्ते, किसण्या आणि एक दगडी खलबत्ता असा माल होता. आजी बसल्या होत्या, डोक्यावरून पदर, त्यावर प्लास्टिकचा कागद. मी सगळ्यात वजनदार तवा उचलला. गंजून तांबडा झाला होता, पण गंजाचं मला भय नव्हतं. आपण मडकं घेताना जसं वाजवून घेतो तसा तो एका हातावर तोलून धरला आणि नाण्यानं कडेला ठोकलं. ‘थप्प’ असा आवाज आला. पाठीमागे बोट फिरवलं तर केसाएवढी चीर, कडेपासून आत तीन बोटं गेलेली. बिडाला चीर गेली की ते गॅसवर कधी ना कधी दुभंगतंच, म्हणून ठेवून दिला. दुसरा वाजवला तर आवाज घंटेसारखा लांबला. आजींनी साडेतीनशे सांगितले. मी दोनशे म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘बाई, भवानी पण झाली नाही अजून.’ मी म्हटलं, ‘मग माझ्या हातनं करा ना भवानी.’ दोनशे वीसला दिला. अजून वीस रुपये कमी झाले असते, पण पावसात बसलेल्या बाईशी तेवढ्यासाठी घासाघीस करायची माझी इच्छा नव्हती, आणि तुम्हीही करू नका असंच मी सांगेन. भावाची कल्पना असावी, पण समोरच्याचं पोटही त्यावरच असतं.

गंजलेला तवा घरी वापरायजोगा कसा करायचा ते इथेच सांगते, कारण गंज बघूनच बरेच लोक चांगला तवा सोडून येतात. आधी पॉलिशपेपरनं कोरडाच घासायचा, काळा धातू दिसेपर्यंत. मग साबणानं धुऊन लगेच गॅसवर वाळवायचा, हवेत वाळायला ठेवला तर तासाभरात पुन्हा तांबडा होतो. गरम असताना तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा, धूर येईपर्यंत तापवायचा, निवू द्यायचा. असं चार-पाच वेळा. शेवटी अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा. पहिल्या दिवशी भाकरी किंवा चपाती, घावनाची घाई करू नये. आठ दिवसांनी घावन सुटं निघतं.

कढई लोखंडी पत्र्याची, एकशे ऐंशीला मिळाली. तळ अंगठ्यानं दाबून पाहिला, दबला नाही. एक कान ढिला होता, तो पुढच्याच माणसानं रिव्हेट मारून तीस रुपयांत पक्का करून दिला.

पितळेच्या पातेल्यावर मात्र मी खूप वेळ घालवला. पहिल्या दुकानातलं चकचकीत पातेलं चुंबकाला चिकटलं, म्हणजे आत लोखंड आणि वर नुसता मुलामा. पितळ चुंबकाला धरत नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी फसवणूक टळते. (स्टीलच्या बाबतीत चुंबकावर विसंबू नका. चांगलं ३०४ स्टील धरत नाही आणि हलकं २०२ पण धरत नाही, त्यामुळे काहीच कळत नाही.) दुसरीकडचं पातेलं काळवंडलेलं होतं, पण चुंबक घसरलं, आणि बाटलीतलं पाणी ओतून पाच मिनिटं वर्तमानपत्रावर ठेवलं तर कागद कोरडा. वजन दीड किलो. बाराशेचे नऊशे झाले.

पण ते पातेलं नऊशेचं नाही. आतली कल्हई, म्हणजे कथलाचा पातळ थर, गेलेली होती, आणि कल्हईवाचून पितळेत आमटी किंवा ताक ठेवलं तर कळकतं, खाण्यालायक राहत नाही. परतताना तांबट आळीत शिरलो. तिथे आजही तांब्यावर मठारकामाचे ठोके ऐकू येतात. एका कारागिराला विचारलं, त्यांनी जवळच्याच कल्हईवाल्याकडे पाठवलं. लेकीनं कल्हई करताना कधी पाहिलंच नव्हतं, ती तिथेच उकिडवी बसली. भट्टीवर पातेलं तापलं, आत नवसागराची पूड पडली, पांढरा धूर उठला, मग कथलाची कांडी टेकवून त्यांनी कापसाचा बोळा एकदाच गरकन फिरवला. काळं पातेलं आतून चांदीसारखं झालं. दोनशे रुपये. कल्हई करताना ‘शुद्ध कथीलच ना, शिसं नाही ना’ हे जरूर विचारा. शिसं मिसळलेली कल्हई स्वस्त पडते पण पोटात विष जातं. तर पातेलं पडलं अकराशेला. त्याच आठवड्यात साताऱ्यात नव्याचा भाव विचारला होता तो किलोला हजाराच्या आसपास, म्हणजे हे दीडहजाराला गेलं असतं.

या हिशोबाला मी ‘घरपोच भाव’ म्हणते. विकणारा सांगतो तो भाव अर्धाच असतो. त्यात दुरुस्ती, हमाली, टेम्पो आणि वरून लागणारी प्रत्येक गोष्ट धरायची आणि मगच नव्याशी तुलना करायची. हे मी एका वस्तूच्या बाबतीत विसरले आणि तिथेच फसले.

ती वस्तू म्हणजे मिक्सर. पाचशेला मिळत होता, एकाच भांड्यासकट. विकणारा म्हणाला, ‘चालू आहे, गॅरंटी.’ रस्त्यावर प्लग कुठे? भाऊजी म्हणाले, ‘वहिनी, वाजवून बघितल्याशिवाय घेऊ नका.’ मला वाटलं, पाचशेच तर आहेत. खोलीवर लावला तर घरघर करून जळका वास. कपलर तुटलेला आणि मोटरचे कार्बन झिजलेले. दुरुस्तीला साडेचारशे गेले. साडेनऊशेत आणखी थोडी भर घातली असती तर छोटा नवा मिक्सर हमीसकट आला असता. विजेवर चालणारी वस्तू बाजारातल्याच एखाद्या दुकानात नेऊन लावून दाखवायला सांगा, विकणारा तयार नसेल तर तशीच पुढे चला. प्रेशर कुकर तर जुना घेऊच नका. त्याचा व्हॉल्व्ह आणि झाकणाची बैठक डोळ्यांनी कळत नाही.

टेबल-खुर्चीचं काम भाऊजींनी पाहिलं. लोखंडी पायांचं घडीचं टेबल, वर प्लायवुड. आधी टेपनं मोजलं, खोलीच्या दारातून जाईल का ते कागदावर पाहिलं. मग उलटं करून प्रत्येक सांध्यात फोनच्या उजेडात बघितलं. बारीक काळे ठिपके म्हणजे ढेकूण, मातीच्या रेघा म्हणजे वाळवी. यातलं काहीही दिसलं तर फुकट दिलं तरी नको. गादी, उशी, कापडी खुर्ची याच कारणानं यादीतूनच काढली होती. टेबल साडेसहाशे, लोखंडी खुर्ची अडीचशे, तीनचाकी टेम्पो तीनशे. टेम्पोवाल्याशी जिना चढवण्याचं आधीच बोलून घ्या, नाहीतर इमारतीखाली आल्यावर वेगळाच आकडा निघतो.

हत्यारांच्या रांगेत भाऊजी पाऊण तास हरवले. जुन्या पान्यांचं लोखंड आताच्या स्वस्त पान्यांपेक्षा चांगलं असतं, असं त्यांचं ठाम मत आहे. पाना घेताना तोंड फाकलंय का ते नटावर बसवून बघायचं, कानस घेताना दाते बोथट झालेत का ते अंगठा आडवा फिरवून, पक्कड उजेडाकडे धरून जबडे मिटतात का ते पाहायचं. त्यांनी सहा पाने आणि एक कानस घेतली. ती त्यांच्या खर्चात.

लेकीची नजर एका फोनवर गेली होती. बिल नाही, खोका नाही, भाव मात्र गोड. तो घेतला नाही. बिनबिलाचा फोन चोरीचा निघाला तर घेणाराही गोत्यात येतो. ओळखीच्या माणसाकडून जुना घेत असाल तरी *#०६# दाबून पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बघा आणि ‘केवायएम’ (इंग्रजी अक्षरांत), मोकळी जागा, मग तो आकडा असा संदेश १४४२२ वर पाठवा. तो फोन काळ्या यादीत आहे का ते लगेच कळतं.

दुपारी डबा खाल्ला. पेठेत खाण्याची कमी नाही, पण भरल्या पिशव्या घेऊन हॉटेलात शिरणं जिवावर येतं. बायकांसाठी सांगते, बाजाराच्या रस्त्यावर स्वच्छतागृहाची सोय नीट नाही, मेट्रो स्थानकावरच आटोपून पुढे निघा.

शेवटी पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक. चार क्रमिक पुस्तकं जुनी घेतली, पाचशे वीस झाले. आदल्या दिवशी लेकीनं वर्गात विचारून घेतलं होतं की कुठल्या वर्षाचा अभ्यासक्रम चालू आहे, ते विचारल्याशिवाय जाऊ नका. अभ्यासक्रम बदललेला असला की अर्ध्या किमतीचं पुस्तकही पूर्ण वाया जातं. पानं उलटताना मधली फाटलेली नाहीत ना ते बघा. पेन्सिलीच्या खुणा असतील तर उलट चांगलं, आधीच्या मुलानं महत्त्वाचं काय ते दाखवून ठेवलेलं असतं. पुस्तकावर रेघोट्या ओढू नको असं लेकीला बजावलं आहे, वर्षअखेर हीच परत विकता येतील.

रात्री एस.टी.त बसून वहीत मांडलं. तवा २२०, कढई कानासकट २१०, पातेलं कल्हईसकट १,१००, टेबल-खुर्ची टेम्पोसकट १,२००, मिक्सर दुरुस्तीसकट ९५०, पुस्तकं ५२०. एकूण ४,२००, प्रवास वेगळा. मिक्सरचे आकडे आठ दिवसांनी भरले, पण ओळ तेव्हाच सोडून ठेवली होती, कारण भाऊजी वाटेत एवढंच म्हणाले होते, ‘त्याच्यापुढे जागा ठेवा.’

काही गोष्टी मात्र मी बाजारातून घेतल्याच नाहीत. डबे घरून दिले. आमच्याकडे अजून बोहारीण येते, पाटीत स्टीलची भांडी घेऊन. सासूबाईंच्या विरलेल्या चार साड्या आणि यांच्या दोन पँटी दिल्या, त्यावर दोन मध्यम डबे आले. सासूबाई तिच्याशी तासभर भांडल्या, मग दोघींनी मिळून चहा घेतला. लेकीच्या खोलीत डाळ आणि तांदूळ त्याच डब्यांत आहेत.

परवा तिचा फोन आला. घावन पहिल्यांदा अख्खं निघालं म्हणाली, आणि मैत्रिणीला तसाच तवा हवाय. तिला आजींची जागा सांगितली आहे, नाणं सोबत ने म्हटलंय. आमच्या यादीत खलबत्ता राहिलाय आणि भाऊजींना एक रंधा पाहायचा आहे, म्हणून पाऊस ओसरला की आम्हीही पुन्हा जाणार, बुधवारीच.